वृक्षांचा हिशेबनीस : सर डीट्रिख ब्रँडिस

आपल्या शहरांतील सात रस्ता चौकांत सात दिशांच्या वाटा एकत्र मिळतात. शाळेंत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं बरेच जण रोज त्यांपैकीं एका ना एका वाटेनें येतात. येतां-जातां एखाद्या लांकडाच्या वखारीसमोर सागाचा ओंडका आडवा पडलेला दिसला, तर क्षणभर थांबून त्याचा कापलेला माथा न्याहाळून पाहावा. मधल्या गाभ्याभोंवतीं एकांत एक अशीं अनेक वलयें तेथें दिसतील. कांहीं रुंद, तर कांहीं केसासारखीं बारीक. सागाचें झाड उन्हाळ्यांत पानें गाळून स्वस्थ राहतें आणि पावसाळा लागला कीं पुन्हां वाढूं लागतें. वाढीच्या आरंभीं त्याच्या लांकडांत मोठमोठ्या छिद्रांची एक ओळ तयार होते. पुढें हंगाम सरत जातो तसतसें लांकूड दाट होत जातें. अशा रीतीनें सामान्यतः दरसाल एक वलय पडतें. ह्यास वर्षवलय म्हणतात. तीं वलयें मोजलीं म्हणजे झाडाच्या वयाचा अजमास लागतो. आणि त्यांची रुंदी पाहिली म्हणजे कोणत्या वर्षीं झाड सुखांत होतें व कोणत्या वर्षीं कष्टांत होतें, हेंहि कांहीं अंशीं कळतें.

झाडाची ही जमाखर्चाची वही वाचून तिच्या आधारें मोठमोठ्या अरण्यांचा कारभार लावून देणारे पुरुष म्हणजे सर डीट्रिख ब्रँडिस होत. हिंदुस्थानांतील शास्त्रीय वनव्यवस्थेचे ते जनक मानले जातात. त्यांचें चरित्र उद्योगाचें व चिकाटीचें आहे. त्याबरोबरच, हिशेब कितीहि चोख असला तरी त्यांतून माणसें वगळलीं गेलीं तर काय होतें, ह्याचाहि धडा त्यांत आहे.

ब्रँडिस ह्यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजीं जर्मनींतील बॉन ह्या शहरीं झाला. त्यांचे वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ग्रीस देशाचे राजे ऑटो ह्यांनीं वडिलांस सल्लागार म्हणून बोलाविल्यामुळें मुलाचीं कांहीं वर्षें अथेन्स शहरांत गेलीं. पुढें कोपनहेगन, ग्यॉटिंगेन व बॉन येथील विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा आवडता विषय होता. १८४९ सालापासून ते बॉन विद्यापीठांत तोच विषय शिकवूं लागले. विद्येच्या शांत वातावरणांत त्यांचें सर्व आयुष्य जावें, अशीच त्या वेळीं चिन्हें दिसत होतीं.

परंतु एका विवाहानें त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १८५४ सालीं त्यांनीं रेचेल ह्या विधवा बाईशीं लग्न केलें. ह्या बाई बंगालमधील सेरामपूरचे सुप्रसिद्ध मिशनरी जोशुआ मार्शमन ह्यांच्या कन्या होत. ज्या सेरामपूरहून विल्यम कॅरी ह्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बाहेर पडलें, तेंच हें सेरामपूर. रेचेलबाईंचे पहिले पति डॉ. व्हॉइट हे स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या भगिनीचे पति म्हणजे सेनापति हॅवलॉक. ह्या नात्यागोत्यामुळें बॉनमधील ह्या तरुण पंडिताचें नांव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी ह्यांच्या कानावर गेलें. डलहौसी ह्यांस त्या वेळीं अशाच एका मनुष्याची गरज होती.

ती गरज कोणती, हें नीट समजून घेतलें पाहिजे. १८५२ च्या युद्धांत ब्रह्मदेशाचा पेगू प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत आला होता. तेथें सागाचीं विस्तीर्ण वनें होतीं. जहाजें बांधावयास सागासारखें दुसरें लांकूड नाहीं. पाण्यानें तें सहसा कुजत नाहीं व वाळवी त्यास सहजासहजीं लागत नाहीं. पण शेजारच्या तेनासेरीम प्रांताची दशा सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तो प्रांत १८२६ सालींच इंग्रजांकडे आला होता. मौलमीनच्या व्यापाऱ्यांस तेथें तोडीचे परवाने मिळाले, आणि त्यांनीं हातीं लागेल तें झाड पाडून पुढच्या पिढीची कांहींएक तजवीज केली नाहीं. तीस वर्षांच्या आंत तेथील उत्तम वनें उजाड झालीं. पेगूचेंहि तसेंच होऊं द्यावयाचें कीं काय, हा प्रश्न होता. १८५५ सालीं डलहौसी ह्यांनीं वनांविषयीं सरकारचें धोरण ठरविलें, आणि १८५६ च्या जानेवारींत ब्रँडिस ह्यांनीं पेगूच्या सागवनांचा कारभार हातीं घेतला.

रंगूनच्या लांकूडव्यापाऱ्यांस हा नवा अधिकारी मुळींच रुचला नाहीं. रान अफाट आहे, त्यास कितीहि तोडलें तरी तें संपत नाहीं, असा त्या काळीं पुष्कळांचा समज होता. ह्या समजास उत्तर द्यावयाचें तर रानांत झाडें किती आहेत व तीं कोणत्या गतीनें वाढतात, ह्या दोन गोष्टी ठाऊक असणें अवश्य होतें. आणि त्या कोणासच ठाऊक नव्हत्या. ब्रँडिस ह्यांनीं वाद घालीत न बसतां प्रथम मोजणीस आरंभ केला.

ही मोजणी त्यांनीं केली तरी कशी? सबंध रान मोजणें अशक्य होतें. म्हणून डोंगराच्या धारेनें किंवा पायवाटेनें एक सरळसा मार्ग ठरवावयाचा, आणि त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंस दिसणारीं सागाचीं झाडें टिपून घ्यावयाचीं, असा क्रम त्यांनीं ठेविला. हत्तीवर बसून ते हिंडत. त्यांच्या एका हातांत बांबूचे लहान तुकडे असत व दुसऱ्या हातांत चाकू. झाडांच्या घेरावरून त्यांनीं चार वर्ग पाडले होते. सहा फूट व त्याहून अधिक घेराचीं झाडें पहिल्या वर्गांत, साडेचार ते सहा फुटांचीं दुसऱ्यांत, दीड ते साडेचार फुटांचीं तिसऱ्यांत, आणि त्याहून लहान रोपें चौथ्यांत. ज्या वर्गाचें झाड दिसेल त्या वर्गाच्या तुकड्यावर एक खांच पाडावयाची. ओल्या रानांत कागद व शाई सांभाळणें कठीण. बांबूवरील खांच मात्र पावसानें पुसली जात नाहीं. हिंवतापाच्या त्या प्रदेशांत महिनेच्या महिने हें काम त्यांनीं चालविलें. एखादा वाणी जसा दिवसाच्या अखेरीस गल्ला मोजतो, तसे ते मुक्कामावर आल्यावर खांचा मोजीत व आंकडे मांडून ठेवीत.

झाडें किती, हें अशा रीतीनें कळलें. आतां तीं किती वेगानें वाढतात, हा दुसरा प्रश्न उरला. येथें वर्षवलयें त्यांच्या साहाय्यास आलीं. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवरील वलयें मोजून, आणि ज्यांचें वय ठाऊक आहे अशा लावलेल्या झाडांशीं तीं ताडून पाहून, दुसऱ्या वर्गांतील झाडास पहिल्या वर्गांत येण्यास किती वर्षें लागतात, ह्याचा अंदाज त्यांनीं बांधला. मग पुढचा हिशेब आपल्या शाळेंतील पांचव्या इयत्तेच्या विद्यार्थ्यासहि करतां येईल असा होता. समजा, एका टापूंत पहिल्या वर्गाचीं १,००० झाडें आहेत, आणि त्यांची जागा घेण्यास दुसऱ्या वर्गांतील तितक्याच झाडांस २५ वर्षें लागतात. तर दरसाल ४० च झाडें तोडावीं. पंचवीस वर्षांनीं हजार झाडें तुटलेलीं असतील, परंतु तोंवर दुसरीं हजार झाडें मोठीं होऊन उभीं राहिलेलीं असतील. रान जेथल्या तेथें आणि लांकूडहि दरवर्षीं मिळतें. सावकारी भाषेंत सांगावयाचें तर व्याज खावें, पण मुद्दलास हात लावूं नये.

हा नियम ऐकावयास किती सोपा वाटतो! परंतु मुद्दल किती व व्याज किती, हें ज्यास ठाऊक नाहीं तो मनुष्य दोहोंतील भेद कसा ओळखणार? ब्रँडिस ह्यांची खरी थोरवी ह्यांत आहे कीं, त्यांनीं तर्कावर विसंबून न राहतां झाडाच्या अंगावर लिहिलेला पुरावा वाचला व त्याप्रमाणें तोडीस मर्यादा घातली.

वर्षवलयांवरून आणखी एक गोष्ट वाचतां येते. दाट रानांत मोठ्या वृक्षांचे शेंडे एकमेकांस मिळून वर एक छत्र झालेलें असतें. त्या छत्राखालीं ऊन फारसें पोंचत नाहीं. साग हा प्रकाशाचा भुकेला वृक्ष आहे. सांवलींत त्याचें रोप रुजलें तरी खुरटून राहतें, व पुष्कळदां मरून जातें. पण एखादा जुना वृक्ष वाऱ्यानें कोसळला, किंवा बांबूचें बेट फुलून वाळून गेलें, म्हणजे छत्राला एक झरोका पडतो. त्या झरोक्यांतून ऊन खालीं उतरतें आणि जीं झाडें वर्षानुवर्षें दबून राहिलीं होतीं, तीं झपाट्यानें वर चढूं लागतात. अशा झाडाचा ओंडका पाहिला तर आंतलीं वलयें अगदीं दाटीवाटीनें बसलेलीं, आणि मग एकाएकीं रुंद झालेलीं दिसतात. शेजारचा वृक्ष ज्या सुमारास पडला, तो काळ त्या जागीं जणूं कोरलेला असतो. ह्यावरून हेंहि ध्यानांत येईल कीं, रानांत कुऱ्हाड मुळींच चालूं नये असें नाहीं. योग्य जागीं, योग्य वेळीं पडलेला झरोका हा नव्या पिढीचा पाळणा होय. मात्र झरोक्याऐवजीं सबंध छप्परच उडालें, तर उन्हानें जमीन तापते, पावसानें माती वाहून जाते, आणि रोपांस आधारच राहत नाहीं.

नव्या लागवडीचा प्रश्नहि ब्रँडिस ह्यांनीं ह्याच दृष्टीनें सोडविला. पेगूच्या डोंगरांत कारेन लोक उतारावरचें रान तोडून व जाळून तेथें एकदोन वर्षें भात पिकवीत, आणि मग ती जागा सोडून दुसरीकडे जात. आपल्या कोंकणांत अशा शेतीस दळी म्हणत. सरकारी अधिकाऱ्यांस हे लोक वनांचे शत्रु वाटत. ब्रँडिस ह्यांनीं त्यांसच मदतीस घेतलें. त्यांनीं आपल्या भातांतच सागाचें बीं लावावें, पीक निघेपर्यंत त्याची निगा राखावी, आणि त्याबद्दल मोबदला घ्यावा, अशी व्यवस्था झाली. कारेन लोकांनीं मोकळी केलेली जागा सागास हवा असलेला उजेड देई. शेतकरी पुढें निघून गेला तरी मागें सागाचें वन उभें राही. ही पद्धति टौंग्या ह्या ब्रह्मी नांवानें पुढें अनेक देशांत पसरली. टौंग म्हणजे डोंगर व या म्हणजे शेत.

पेगूमधील कामाची कीर्ति कलकत्त्यापर्यंत गेली. १८६२ सालीं हिंदुस्थान सरकारनें त्यांस बोलावून घेतलें, आणि १८६४ सालीं ते सबंध देशाचे पहिले वन-महानिरीक्षक झाले. हा काळ आगगाडीच्या विस्ताराचा होता. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० सालीं आपल्या सोलापुरास येऊन पोंचला होता. रुळांखालीं घालावयाचे स्लीपर त्या वेळीं लांकडाचेच असत, आणि त्यांसाठीं दूरदूरचीं वनें तुटत होतीं. मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांस १८४७ सालींच वनसंरक्षक नेमलें होतें, व मद्रासेकडे डॉ. क्लेगहॉर्न ह्यांनीं काम आरंभिलें होतें. परंतु सर्व प्रांतांस एका सूत्रांत बांधण्याचें कार्य ब्रँडिस ह्यांचें. त्यांनीं जर्मनींतून श्लिख व रिबेनट्रॉप हे दोन कुशल सहकारी आणविले. १८६५ सालीं पहिला वनकायदा झाला. १८७८ सालीं डेहराडून येथें वनशाळा निघाली व तींत ह्या देशांतील तरुण शिकूं लागले. देशाच्या कोणत्या भागांत पाऊस किती व त्याप्रमाणें वन कोणत्या जातीचें, ह्याचाहि त्यांनीं अभ्यास केला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील आपला प्रदेश कोरड्या पट्ट्यांत कां मोडतो, हें त्या अभ्यासावरून स्पष्ट होतें.

येथवर चरित्राची उजळ बाजू झाली. आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मोजणीच्या हिशेबांत झाडें होतीं. परंतु त्या झाडांच्या आश्रयानें राहणारे लोकहि होते. गुरें चारणें, सरपण आणणें, नांगरासाठीं लांकूड तोडणें, राबासाठीं पालापाचोळा गोळा करणें, ह्या गोष्टी गांवकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. हे हक्क होते कीं केवळ सवलती? ह्यावर सरकारांतच मोठा वाद माजला. बेडन-पॉवेल ह्यांच्या पक्षाचें म्हणणें पडलें कीं, जें लेखी नाहीं तो हक्कच नव्हे. सर्व रान सरकारचें. ब्रँडिस ह्यांस तें मान्य नव्हतें. लोकांच्या जुन्या वहिवाटीस मान द्यावा, आणि प्रत्येक गांवास स्वतःचें राखीव ग्रामवन असावें, असें त्यांचें मत होतें. १८७८ सालीं जो कायदा झाला त्यांत ग्रामवनांचें प्रकरण घातलेलें आहे. पण एकंदर कायद्याचा रोंख सरकारी सत्तेकडेच राहिला, आणि ग्रामवनें बहुतेक कागदावरच राहिलीं.

हा कायदा झाला त्या वेळीं आपला प्रदेश १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळांतून जात होता. सोलापूर जिल्ह्यास त्याची झळ फार लागली. अशा दिवसांत चरणीचीं रानें बंद होणें म्हणजे शेतकऱ्याच्या घरांत दुसरा दुष्काळ येण्यासारखेंच होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें नव्या कायद्यास हरकत घेतली. महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत जंगलखात्याच्या जुलमाबद्दल कडक टीका केली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास एक वनचौकशी मंडळ नेमावें लागलें. ब्रँडिस ह्यांचा उद्देश चांगला होता व त्यांचें मतहि उदार होतें, हें खरें. परंतु जो कारभार त्यांनीं उभारला त्याची झळ गरिबांस लागली, हेंहि तितकेंच खरें आहे. थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं ध्यानांत ठेवण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.

१८८३ सालीं ब्रँडिस निवृत्त होऊन बॉनला परतले. त्यानंतरहि ते स्वस्थ बसले नाहींत. हिंदुस्थानांत वनाधिकारी म्हणून जाणाऱ्या तरुणांस ते युरोपांतील वनें दाखवून शिक्षण देत. गिफर्ड पिंचो नांवाचा एक अमेरिकन तरुण त्यांच्याकडे सल्ला घेण्यास आला होता. तोच पुढें १९०५ सालीं अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. १८८७ सालीं ब्रँडिस ह्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. उतारवयांत त्यांनीं हिंदुस्थानांतील वृक्ष, झुडपें, वेली, बांबू व ताड ह्यांचें वर्णन करणारा मोठा ग्रंथ हातीं घेतला. तो ‘इंडियन ट्रीज’ ह्या नांवानें १९०६ सालीं प्रसिद्ध झाला, त्या वेळीं ग्रंथकाराचें वय ब्याऐंशीं वर्षांचें होतें. पुढच्याच वर्षीं, २८ मे १९०७ रोजीं, बॉन येथें त्यांनीं देह ठेविला.

त्यांच्या पश्चात् वर्षवलयांची विद्या पुष्कळ पुढें गेली. ब्रँडिस ह्यांनीं वलयांस झाडाच्या वाढीविषयीं विचारलें. इतरांनीं त्यांस पावसाविषयीं व काळाविषयीं विचारलें. एकाच झाडाचें एक वलय बारीक असलें तर त्याचें कारण दुष्काळ असेल, शेजाऱ्याची सांवली असेल, किंवा पानें खाणारी अळीहि असेल. म्हणून अनेक झाडांचीं वलयें एकमेकांशीं जुळवून पाहावीं लागतात. जें वर्ष सर्वांच्याच वहींत वाईट आहे, तें वर्ष खरोखरच अवर्षणाचें. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत डग्लस नांवाच्या ज्योतिर्विदानें ही रीत बसविली व १९२९ सालीं तिच्या आधारें तेथील प्राचीन वस्त्यांचीं सालें नक्की केलीं. जावा बेटांतील सागावरून बर्लागे ह्यांनीं १५१४ पर्यंत मागें जाणारी वलयमाला १९३१ सालीं प्रसिद्ध केली. आपल्याकडे पुणें येथील उष्णदेशीय हवामानशास्त्राच्या संस्थेंतील संशोधकांनीं ठाणें भागांतील सागाचीं वलयें तपासून तेथील हवामानाशीं त्यांचा संबंध कसा आहे, ह्याचा अभ्यास १९८३ सालीं पुढें मांडला.

आणि वगळलेल्या माणसांचें काय झालें? त्याचीहि एक गोष्ट आपल्याच महाराष्ट्रांतील आहे. २००६ सालीं वनहक्कांचा नवा कायदा झाला. त्याअन्वयें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गांवास २००९ सालीं आपल्या भोंवतालच्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामवनाचा जो विचार ब्रँडिस ह्यांच्या काळीं कागदावर राहिला, तो सुमारें एकशें तीस वर्षांनीं एका गांवांत प्रत्यक्षांत उतरला. सागाप्रमाणें न्यायासहि कधीं कधीं फार दिवस सांवलींत दबून राहावें लागतें. पण मूळ जिवंत असेल तर उजेड मिळतांच तो वर येतो.

विद्यार्थिमित्रहो, सोलापुरास सागाचीं वनें नाहींत, आणि आपल्या कडुलिंबाचीं वलयें सागाइतकीं स्पष्टहि नसतात. पण मोजणीस त्यामुळें अडचण नाहीं. शाळेच्या किंवा घराच्या आवारांतील एखादें झाड निवडा. दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे छातीइतक्या उंचीवर त्याच्या बुंध्यास शिंप्याची टेप गुंडाळून घेर मोजा, आणि तो आंकडा व त्या वर्षींचें पाऊसमान एका वहींत लिहून ठेवा. त्या झाडाच्या सांवलींत कोण बसतें, त्याच्या काटक्या कोण नेतें, हेंहि दुसऱ्या पानावर लिहा. शाळा सोडून जातांना ती वही धाकट्या भावंडाच्या हातीं द्या. पहिलें पान ब्रँडिस ह्यांनीं शिकविलेलें आहे. दुसरें पान त्यांच्या हिशेबांत पुरतें उतरलें नाहीं. दोन्ही पानें ज्या वहींत असतील, तिचाच हिशेब पुरा.